बोअरसाठी दोन सर्व्हे केले, दोघांनी दोन टोकाच्या जागा दिल्या. आता कुणाचं ऐकू?

रिकामी_बादली
मंडळी, मदत हवी आहे. बोअर घ्यायचाय, आंधळेपणाने खोदायचं नाही म्हणून आधी सर्व्हे करून घेतला. पहिल्या माणसाने चार सळया ठोकून, वायरी लांब लांब ओढत दिवसभर रीडिंग घेतली आणि जमिनीच्या पूर्व कोपऱ्यात खूण केली, म्हणाला ९० मीटरला पाणी. माझं मन काही भरेना म्हणून दुसऱ्याला बोलावलं, त्याच्याकडे मोबाईलला जोडायचं छोटंसं मशीन, तासाभरात निळ्या-हिरव्या-लाल पट्ट्यांचं चित्र हातात, आणि याची खूण पार पश्चिमेला. का तर तिथे निळा रंग आलाय. वर घरातली ज्येष्ठ मंडळी म्हणतायत दोघांनाही सोड, डहाळी घेऊन पाणी शोधणारा पाणाडी बोलाव.

आता मला साधा प्रश्न पडलाय की या मशिनींना खालचं पाणी खरंच दिसतं का? आणि दिसत असेल तर दोघांना वेगवेगळ्या ठिकाणी कसं दिसलं?

गप्प_वाचक
वाखूसा (वाचनखूण साठवली). मलाही हेच विचारायचं होतं.

पायाखालचा_दगड
पहिल्या सर्व्हेची रीडिंग आहेत का? म्हणजे रिपोर्ट नाही, मशीनवरचे कच्चे आकडे. असतील तर टाका, चित्र नको.

तोवर मूळ प्रश्नाचं उत्तर: नाही, दिसत नाही. चार सळयांची जी पद्धत आहे ती विद्युत रोध मोजते. बाहेरच्या दोन सळयांतून जमिनीत करंट सोडायचा, आतल्या दोन सळयांमध्ये व्होल्टेज किती पडलं ते बघायचं, आणि त्यावरून ती जमीन करंटला किती अडवते ते काढायचं, एकक ओहम-मीटर. फ्रान्समध्ये कॉनराड श्लुम्बर्जेने १९१२ च्या सुमारास आणि अमेरिकेत फ्रँक वेन्नरने १९१५ साली ज्या मांडण्या वापरल्या त्याच आजही त्यांच्या नावांनी चालतात. सळया एकमेकींपासून जितक्या लांब तितका करंट खोल जातो, म्हणून वायरी ओढत नेतात.

आता कोरडा अखंड कातळ करंटला प्रचंड अडवतो, हजारो ओहम-मीटर. ओला मुरूम, भेगाळलेला दगड कमी अडवतो, काही दहा ते दोनेकशे. पण चिकणमातीसुद्धा कमीच अडवते, ५-१० पर्यंत खाली जाते, आणि चिकणमातीत पाणी असलं तरी ते सोडत नाही. खारं पाणी तर त्याहून कमी, समुद्राचं पाणी ०.२ च्या आसपास. म्हणजे मशीनने "इथे रोध कमी आहे" एवढंच सांगितलं, त्यावरून गोडं पाणी की चिखल की खारट, हे माणूस ठरवतो, आणि ते ठरवायला त्याला तिथला दगड माहीत असावा लागतो. दोन माणसांच्या दोन जागा येतात त्या इथूनच.

बोअरवाला_भाऊ
दगडभाऊ बरोबर बोलले. मी गाडीवर असतो, वर्षानुवर्षं हेच काम. पॉइंट कुणी दिला यावर आम्ही बोलत नाही, सांगितलं तिथं गाडी लावतो. पण एक बघितलंय, ज्या सर्व्हेवाल्यानं आजूबाजूच्या चालू आणि कोरड्या बोअरची चौकशी केली, किती खोल गेले, केसिंग (बोअरच्या वरच्या भागात घालायचा पाइप) किती लागलं, झरा कुठं लागला हे लिहून घेतलं, त्याचा पॉइंट बऱ्याचदा लागतो. जो थेट मशीन काढतो त्याचं काय खरं नाही.

चिकित्सक_चिकू
पाणाडीचा विषय निघालाच आहे तर. जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये सरकारी पैशाने यावर मोठा प्रयोग झाला होता. आधी सुमारे ५०० पाणाडी तपासून त्यातले चांगले वाटलेले ४३ निवडले, मग एका दुमजली कोठाराच्या खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप गाडीवर ठेवून हलवायचा आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्याने तो कुठे आहे ते सांगायचं, अशा ८४३ चाचण्या. प्रयोग करणाऱ्यांनी त्यातल्या सहा जणांना काहीतरी खरंच जमतंय असा निष्कर्ष काढला, पण १९९९ मध्ये जिम एनराइट या शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासले तेव्हा तेच लोक पुढच्या फेरीत साफ चुकलेले दिसले आणि उत्तरं नुसत्या अंदाजापेक्षा वेगळी काढता येईनात.

तरीही पाणाड्याचे बोअर लागतात हे खरं आहे, आणि त्याचं कारण सोपं आहे. गाळाच्या जमिनीत पुरेसं खोल गेलं की बहुतेक ठिकाणी पाणी असतंच, तिथे डोळे मिटून बोट ठेवलं तरी चालेल. शिवाय अनुभवी पाणाड्याला उतार, झाडं, ओढ्याची दिशा हे नजरेने वाचता येतं, डहाळी हातात नुसती शोभेला असते.

शंकासुर
@चिकू, हाच न्याय मशीनवाल्यांना लावा की. त्यांचेही लागतात ते याच कारणाने नसतील कशावरून?

चिकित्सक_चिकू
लावतोच आहे :)

रिकामी_बादली
रीडिंग हट्टाने लिहून घेतली होती, नशीब. पहिला आकडा मधल्या खुणेपासून बाहेरच्या सळईचं अंतर मीटरमध्ये, दुसरा ओहम-मीटर.

२ – ४८
५ – ३५
१० – २७
२० – ३१
४० – ५२
६० – ७४
८० – ९५
१०० – ११५

यावरून त्याने ९० मीटर काढलं. मला तर ९० कुठेच दिसत नाही.

पायाखालचा_दगड
तुम्हालाच काय, कुणालाच दिसणार नाही, कारण ते यात नाहीच.

बघा, आधी आकडे कमी होतायत, ४८ वरून २७, मग सरळ वाढत जातायत. म्हणजे वर कोरडी माती, तिच्याखाली कमी रोधाचा थर, आणि त्याखाली घट्ट दगड. तीन थर, अगदी नेहमीचं चित्र. दुहेरी लॉग कागदावर (दोन्ही बाजूंना १, १०, १०० असे पटीने वाढणारे आकडे) हा आलेख काढला तर शेवटचा भाग जवळपास ४५ अंशांनी चढतोय, याचा अर्थ खालचा दगड चांगलाच अखंड आहे. अशा वेळी एक झटपट हिशोब करता येतो, शेवटचं अंतर भागिले शेवटचा रोध, १०० भागिले ११५, साधारण ०.८७. हा आला वरच्या सगळ्या थरांची जाडी भागिले त्यांचा रोध याचा ढोबळ आकडा (चढ पूर्ण ४५ चा नाही म्हणून खरा आकडा थोडा कमीच असेल). मधल्या थराचा रोध २५ धरला तर जाडी २१-२२ मीटर. पण रोध १८ धरला तर जाडी १५-१६ मीटर, आणि गंमत म्हणजे दोन्ही बाबतीत वर मोजलेला आलेख जवळपास हुबेहूब तोच येतो. कितीही महाग सॉफ्टवेअर आणा, एकट्या आलेखावरून यातलं खरं कोणतं ते सांगता येत नाही, त्यासाठी जवळच्या एखाद्या माहीत असलेल्या बोअरपाशी हेच मोजून जुळवून घ्यावं लागतं. बोअरवाला भाऊ म्हणाले ते याचसाठी.

आणि खोली. बाहेरच्या सळया मधल्या खुणेपासून १००-१०० मीटर म्हणजे एकूण पसारा २०० मीटर. या मांडणीत रीडिंगवर निम्मा परिणाम वरच्या जेवढ्या खोलीचा असतो ती खोली एकूण पसाऱ्याच्या साधारण ०.१९ पट. २०० गुणिले ०.१९ म्हणजे ३८ मीटर. ९० मीटरवर काय आहे हे नीट बोलायचं तर पसारा ४५०-५०० मीटर हवा. आणि तेवढा नेला तरी ९० मीटरवरची हातभर रुंदीची फट वरून वेगळी उमटत नाही, एवढ्या खोलीवर एवढा पातळ थर आलेखात विरून जातो.

मग ९० आलं कुठून? बरेच जण आलेखात मधेच छोटा गचका दिसला की तेवढ्या अंतराला भेग आहे असं धरतात, सळयांचं अंतर म्हणजेच खोली समजून. असे गचके बहुतेक वेळा सळईपाशी ओली जागा आली, गाडलेली पाइप आली, किंवा आतल्या सळया हलवल्या म्हणून येतात.

रिकामी_बादली
बापरे. म्हणजे पूर्वेचा पॉइंट बाद?

पायाखालचा_दगड
पॉइंट बाद नाही, ९० मीटर बाद. तिथे १५ ते २२ मीटर जाडीचा कुजलेला, म्हणजे झिजून भुसभुशीत झालेला दगड आहे एवढं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं, आणि घट्ट दगडाच्या भागात पाणी साठतं ते मुख्यतः त्याच थरात. उन्हाळ्यात त्यात पाणी किती उरतं हे मात्र हा आलेख सांगत नाही.

शंकासुर
आणि ते मोबाईलवालं मशीन? त्याला तर १०० मीटर, २०० मीटर, सगळं दिसतं म्हणे.

पायाखालचा_दगड
ही मशीन स्वतः करंट सोडत नाहीत. विजा, सौर घडामोडी वगैरेंमुळे जमिनीत कायम नैसर्गिक विद्युत लहरी चालू असतात, त्यांचं व्होल्टेज दोन सळयांमध्ये वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला मोजतात. कमी फ्रिक्वेन्सी खोल जाते हे तत्त्व खरं आहे, खोलीचं सूत्रही आहे, रोध भागिले फ्रिक्वेन्सी, त्या भागाकाराचं वर्गमूळ, गुणिले ५०३, उत्तर मीटरमध्ये. पण यातून खरा रोध काढायचा तर विद्युत आणि चुंबकीय दोन्ही क्षेत्रं एकाच वेळी मोजावी लागतात, फ्रेंच शास्त्रज्ञ कान्यारने १९५३ मध्ये मांडलेली पद्धत तीच आहे. यातली बरीचशी छोटी मशीन चुंबकीय बाजू मोजतच नाहीत. मग हातात उरतात मिलिव्होल्ट, आणि चित्राच्या कडेला जे मीटर छापलेले असतात ते मशीन बनवणाऱ्याने एखादा रोध गृहीत धरून बसवलेले. खाली तुमच्या जागी रोध दहापट असेल तर खोली तिपटीहून जास्त चुकते. जवळून विजेच्या तारा जात असतील तर त्यांचा गोंगाटच मोजला जातो.

आणि रंग! रंगांची पट्टी त्या एका लाइनवरच्या आकड्यांपुरती असते. सगळ्यात कमी आकडा निळा, सगळ्यात जास्त लाल. ठणठणीत कोरड्या कातळावर मशीन चालवलं तरी काहीतरी निळं येणारच.

शंकासुर
हे शेवटचं वाक्य फ्रेम करून लावायला हवं.

मृण्मयी_क
धागा छान चाललाय. भूजल हा माझा शिकवण्याचा विषय, थोडं जोडते.

दगडदादा, तुम्ही म्हणालात की मशीनला पाणी दिसत नाही, ते जवळपास खरं आहे, पण एक पद्धत अपवाद आहे. चुंबकीय अनुनाद, म्हणजे हॉस्पिटलातल्या एमआरआयचंच तत्त्व, फक्त चुंबक पृथ्वीचं वापरायचं. जमिनीवर ५० ते १५० मीटरचा वायरचा वेढा टाकायचा, एक ते तीन किलोहर्ट्झच्या मधला करंट सोडायचा, तो बंद केला की पाण्यातले हायड्रोजनचे केंद्रक जो अतिक्षीण प्रतिसाद देतात तो ऐकायचा. पाणी नसेल तर प्रतिसादच नाही. सोव्हिएत काळात नोवोसिबिर्स्कच्या शास्त्रज्ञांनी हे जमिनीवर चालवून दाखवलं. पण प्रतिसाद नॅनोव्होल्टमध्ये, म्हणून विजेच्या तारांजवळ काम होत नाही, दगडात चुंबकीय खनिजं जास्त असतील (बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्ह्याच्या काळ्या दगडात, असतातच) तर गडबड होते, दीडशे मीटरच्या खाली सहसा जमत नाही, आणि हातभर भेगेतलं पाणी एवढं थोडं असतं की ते ऐकूच येत नाही. उपकरणंही फार थोड्यांकडे आहेत.

दुसरं, गोडं की खारं हा प्रश्न हलका घेऊ नका. केनियाच्या तुर्काना भागात २०१३ मध्ये लोटिकिपीच्या मैदानाखाली सुमारे २०० अब्ज घनमीटर पाणी सापडल्याची घोषणा झाली होती, उपग्रह, रडार, भूगर्भाची माहिती सगळं वापरून, जगभर बातम्या झाल्या. पुढे प्रत्यक्ष खोदून तपासलं तर पाणी पिण्यालायक नाही इतकं खारट निघालं. तिथे पाणी होतंच की!

उलट बाजूचं उदाहरण डेन्मार्कचं. तिथे पिण्याचं पाणी जवळजवळ सगळं जमिनीखालून येतं, आणि त्यांनी १९९९ ते २०१५ या काळात देशाचा सुमारे ४० टक्के भाग तपशीलवार मोजला, त्यासाठी हेलिकॉप्टरखाली वेढा लटकवून मोजायची पद्धत ऑर्‌हुस विद्यापीठात विकसित झाली. पण तिथे गाळ आणि चिकणमातीचे जाड थर आहेत, या पद्धतीला अगदी सोयीचे, आणि जोडीला हजारो जुन्या विहिरींच्या नोंदी व्यवस्थित जपलेल्या होत्या. त्या नोंदी नसत्या तर त्या नकाशांना फारसा अर्थ उरला नसता असं माझं मत.

चिकित्सक_चिकू
+१ नोंदींना. सगळा खर्च मशीनवर, नोंदवहीवर शून्य.

रिकामी_बादली
सगळ्यांचे आभार. थोडी चौकशी केली. शेजारी साधारण २५० मीटरवर एक चालू बोअर आहे, मालक सांगतात १८ मीटर केसिंग लागलं, ४० मीटरच्या आसपास थोडं पाणी लागलं आणि मग ७० ला जास्त. आता यावरून काय करू? अजून एक सर्व्हे करायची तयारी आहे पण या वेळी नेमकं काय मागू?

पायाखालचा_दगड
वा, १८ मीटर केसिंग म्हणजे कुजलेला दगड तिथे तेवढा आहे, तुमच्या आलेखाशी जुळतंय, मधला रोध २० च्या जवळपास धरायला हरकत नाही.

४० आणि ७० चं पाणी भेगांतलं. भेगा शोधायला एका जागी खोल मोजणारी पद्धत उपयोगाची नाही, कारण तिचा सगळा हिशोब आडव्या थरांवर उभा आहे आणि उभी भेग आडवा थर नसते. तुम्ही टोमोग्राफी मागा. एका रेषेत ४८ किंवा ७२ सळया ठोकतात आणि मशीन आपोआप चार-चारच्या जोड्या बदलत शेकडो रीडिंग घेतं, त्यातून जमिनीचा उभा छेद मिळतो. ५ मीटर अंतराने ४८ सळया म्हणजे २३५ मीटरची रेषा, खोली मिळते साधारण ४०-४५ मीटर, मांडणी बदलली तर थोडी जास्त. ७० मीटरवरची भेग थेट दिसणार नाही, पण मोठी भेग जिथे वर येते तिथे दगड जास्त खोलवर कुजलेला असतो, आणि कातळाच्या माथ्यात पडलेली ती घळ छेदात दिसते. शोधायची ती घळ.

रेषा भेगेला आडवी हवी, समांतर घेतली तर हातात काही लागणार नाही. भेगेची दिशा आधी उपग्रहचित्रावर बघा, ओढ्याचा एखादा तुकडा संशयास्पद सरळ जातो का, झाडांची हिरवी ओळ आहे का. तारेच्या कुंपणाला समांतर रेषा घेऊ नका, करंट तारेतून पळतो. जमीन कोरडी असेल तर सळईपाशी मिठाचं पाणी ओता.

मृण्मयी_क
आणि जमल्यास आधी चुंबकमापक फिरवून घ्या, त्याला सळया लागत नाहीत, पटकन होतं. डाईक असेल, म्हणजे जुन्या दगडात घुसलेली लाव्ह्याची उभी भिंत, तर कळतं. डाईकच्या कडेला दगड तडकलेला असतो, शिवाय भिंत पाणी अडवून धरते, त्यामुळे तिच्या चढाकडच्या बाजूला, कडेपासून काही मीटरवर जागा बघतात. थेट भिंतीत बोअर घेतला तर बऱ्याचदा कोरडा.

शंकासुर
भूकंपलहरींचं पण असतं ना काहीतरी, हातोडा मारून?

पायाखालचा_दगड
असतं. पाण्याने भरलेल्या वाळूत लहर साधारण १५०० मीटर प्रतिसेकंदाने जाते, कोरड्या मातीत त्याच्या निम्म्याहून कमी, घट्ट दगडात ४-५ हजार. कातळाचा माथा किती खोल ते छान कळतं. पण कोरड्या कुजलेल्या दगडाचा वेगही १५०० च्या जवळ असू शकतो, म्हणजे पुन्हा तोच घोळ. रोध आणि लहरी दोन्ही केलं तर एकमेकांचा घोळ थोडा निस्तरतो.

बोअरवाला_भाऊ
माझं एक ऐका, हे सर्व्हेवाले सांगत नाहीत. तुमचं पाणी जर वरच्या १८-२० मीटरात असंल तर आम्ही काय करतो, घट्ट दगड लागंपर्यंत साधं केसिंग घालतो, म्हणजे वरचं पाणी बंदच. मग बोअरला खालचा झरा नाही लागला की लोक म्हणतात सर्व्हे खोटा. सर्व्हे खरा होता, पाणी केसिंगच्या मागं राहिलं. आधी सांगितलं तर जाळीचं केसिंग घालता येतं.

मृण्मयी_क
भाऊ, फार मोलाचं बोललात. फक्त वरचे ५-६ मीटर जाळी नको, तिथे साधं केसिंग आणि बाहेरून सिमेंट किंवा बेंटोनाइटने (पाण्यात फुगणारी चिकणमाती) बंद करायचं, नाहीतर सांडपाणी थेट बोअरमध्ये. पिण्यासाठी वापरणार असाल तर नायट्रेट आणि जिवाणू दोन्ही तपासा, खालच्या दगडातलं पाणी असेल तर फ्लोराइडही.

रिकामी_बादली
हे कुणी सांगितलंच नव्हतं. ठरलं, टोमोग्राफीची एक रेषा दोन्ही पॉइंटवरून जाईल अशी घेतो, म्हणजे निळ्या रंगाचंही कळेल. कच्ची रीडिंग, सळयांच्या जागा आणि मोजलेले आकडे आणि छेदावरून हिशोबाने येणारे आकडे यांतला फरक टक्क्यांत, हे तिन्ही आधीच लेखी मागितलंय. एकजण नाही म्हणाला, दुसरा तयार झाला.

पायाखालचा_दगड
जो तयार झाला त्याला द्या काम. आणि फरकाचा आकडा फारच लहान, एखादा टक्का आला तर खूश होऊ नका, चांगल्या जमिनीत असू शकतो, पण खराब रीडिंग गुपचूप काढून टाकूनही तो लहान करता येतो. किती रीडिंग घेतली आणि किती ठेवली ते विचारा.

बोअरवाला_भाऊ
खोदताना दर ३ मीटरला निघालेला चुरा पाकिटात भरून वर खोली लिहा, आणि गाडीवाल्याला सांगा एकेक रॉड जायला किती मिनिटं लागली ते लिहायला. जिथं रॉड पटकन खाली गेला तिथं भेग. आम्ही लिहित नाही कारण कुणी मागत नाही. झऱ्याचं पाणी कॉम्प्रेसरनं वर उडतं ते बघून आकडा धरू नका, नंतर पंप लावून किमान दिवसभर चालवा, पाणी किती खाली गेलं आणि बंद केल्यावर किती वेळात वर आलं ते मोजा. तेही कोरड्या दिवसांच्या शेवटी.

रिकामी_बादली
पाकिटं आणून ठेवतो भाऊ. रेषेचे आकडे आले की इथेच टाकतो.

गप्प_वाचक
बोअर कोरडा गेला तरी टाका हं. तसले आकडे कुणीच टाकत नाही.